भरल्या गाडीचा बोल्ट

रहेमतुल्लानं भर दुपारी गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं, तेव्हा समोरच्या टपरीवर चहा गाळणाऱ्या जानरावाचा हात थांबला. वरवट बकालच्या स्टँडजवळचं ते शटर दिवसाढवळ्या खाली आलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शिवाय आत ज्ञानेश्वरची पांढरी सुमो होती आणि तिच्या पुढच्या चाकांचे बुश बदलायचं काम चालू होतं. म्हणजे एव्हाना माणसांसाठी हाक यायला हवी होती.

"चाचा, मानसं पाठवू काय?" जानरावानं रस्त्यापलीकडून विचारलं.

"आज नाई लागत," आतून आवाज आला.

जानरावाला हे काही पटलं नाही. पण दूध उतू जात होतं, त्यामुळे तो चुलीकडे वळला.

ही माणसांची भानगड काय, ते आधी सांगायला हवं. गाडीचं चाक ज्या लोखंडी आर्मवर तोललेलं असतं, त्या आर्मच्या सांध्यात रबराचा बुश असतो. माणसाच्या गुडघ्यात कूर्चा, तसा गाडीत बुश. तो झिजला की गाडी सरळ रस्त्यावर डुलते, वळणावर भलतीकडे ओढते आणि स्टिअरिंग धरणाऱ्याला खालचा रस्ता कळेनासा होतो. नवा बुश बसवणं फार अवघड नाही. त्याचा बोल्ट कधी कसायचा, यात सगळी मेख आहे. चाक अधांतरी लटकत असताना बोल्ट कसला, तर रबर त्याच लटकल्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर टेकली की मुरगळतं ते मुरगळतंच. म्हणून जाणता मेकॅनिक गाडी चाकांवर टेकवून मगच शेवटचा पीळ देतो.

रहेमतुल्ला याच्याही एक पाऊल पुढं होता. आपल्या मुलखात रिकामी गाडी धावतेच कुठं, असा त्याचा सवाल असे. तेव्हा गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर उभी करायची, टपरीवरची माणसं बोलावून आत दाटीवाटीनं बसवायची आणि आपण खड्ड्यात उतरून भरल्या गाडीचे बोल्ट कसायचे, ही त्याची रीत. गावातल्या रिकामटेकड्यांना तेवढंच काम मिळे. गाडी जागची हलणार नाही हे माहीत असूनही पुढच्या सीटवरून भांडणं होत. एकदा एका लग्नाची बोलणी म्हणे त्याच्या खड्ड्यावरच्या जीपमध्ये पक्की झाली होती. ती नवरानवरी अजून सुखानं नांदताहेत, हे रहेमतुल्ला आपल्या कामाचं प्रमाणपत्र म्हणून सांगायचा.

मग आजच माणसं नकोत, असं का? कारण माणसं वर बसली की खाली पडणाऱ्या पान्याचा आवाज त्यांना ऐकू जातो.

दिवाळीपासून रहेमतुल्लाची बोटं बधिर होत चालली होती. साखरेनं नसांवर परिणाम केलाय, असं शेगावच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. गोळ्या घ्या, पथ्य पाळा, आहे ते टिकेल. गेलेलं परत येईल असं मात्र सांगत नाही, असंही तो म्हणाला होता. उभ्या हयातीत रहेमतुल्लानं बोल्ट किती कसायचा हे हाताला विचारलं होतं. नट बसायच्या बेताला पाना जो हलकासा अडतो, तो अडणं बोटांत कळायचं. आता बोटं काहीच सांगत नव्हती. घरी हे त्यानं कोणाला कळू दिलं नव्हतं. ईद होऊ द्यायची, मग पाठदुखीचं निमित्त करून शटर कायमचं ओढायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं खरं, पण त्या विचारानं रात्री अर्धी भाकर ताटात तशीच राहत होती.

त्यात ज्ञानेश्वरचं काम आलं. हा शेजारच्या वस्तीवरचा शेतकरी. सुमोत कापूस वेचणीच्या बाया भरून शेताशेतांवर पोचवायचा आणि त्यावर त्याचा हंगाम निघायचा. पण ते साल गुलाबी बोंडअळीचं होतं. अळी लागणारच नाही अशा भरवशावर घेतलेल्या बियाण्याच्या बोंडातच अळी निघाली. कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार उभी आणि बोंडं आतून पोकळ. कित्येकांनी उभ्या पिकात रोटावेटर फिरवला, ज्ञानेश्वरनंही फिरवला. वेचणीच नाही तर बाया कुठं न्यायच्या? हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला तो नव्हता. भागातल्या आजारी माणसांना रोज खामगावला नेण्या-आणण्याचं काम त्यानं धरलं. पण काळ्या मातीवरचा तो रस्ता दर पावसाळ्यात फुगतो नि उन्हाळ्यात खचतो. त्यावर गाडी अशी डुलायची की धडधाकट माणसानंही अल्लाचं नाव घ्यावं. म्हणून ज्ञानेश्वर अकोल्याहून कडक रबराचे बुश घेऊन आला होता.

रहेमतुल्लानं त्याला बजावलं होतं की कडक बुश रस्ता धरून ठेवतो हे खरं, पण तो बसवण्यात उन्नीसबीस चालत नाही. आणि हे बजावणाऱ्यानंच त्या दुपारी शटर ओढून, गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना, एकट्यानं सगळे बोल्ट कसले. पाना पडत होता आणि तो उचलत होता. ऐकायला कोणी नव्हतं. आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लाज वाईट. ती माणसाला त्याची हयातभराची विद्या विसरायला लावते.

त्याची बायको नूरजहां वेचणीला जायची. तिचं माहेर संग्रामपूरकडच्या एका लहान गावचं. तिथं मुसलमानांची मोजकीच घरं, त्यामुळं ती घरातसुद्धा अस्सल वऱ्हाडी बोले आणि नवऱ्यालाही तिनं तीच सवय लावली होती. तिच्या बोटांची बायांमध्ये ख्याती होती. बोंड नुसतं दाबून आत कापूस आहे की अळीनं खाल्लेली कवडी, हे ती न बघता सांगायची. त्या वर्षी ही विद्या फार दुःखाची झाली होती. दाबावं ते बोंड पोकळ लागे.

त्या आठवड्यात एका सकाळी रहेमतुल्लानं चुलीवरचं चहाचं पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि सावकाश खाली ठेवलं. नूरजहांनं पाहिलं. तो गेल्यावर तिनं त्याच पातेल्याला बोट लावून पाहिलं आणि चटका बसून हात झटकला. मग सदऱ्याची उलटसुलट लागलेली बटणं, हातातून निसटलेली किल्ली, सगळं एकेक करून तिला आठवत गेलं. तिला रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग आला.

आठवडा उलटायच्या आत ज्ञानेश्वर गाडी घेऊन परत आला. भला माणूस, तक्रारसुद्धा चाचरत केली. गाडी सरळ चालते, पण पुढून उचलल्यासारखी वाटते आणि बारक्या खड्ड्यातही ठोकर मारते, असं त्याचं म्हणणं. काल एका म्हातारीनं खामगावपर्यंत डोळे मिटून घेतले होते. तो हे सांगत असतानाच नूरजहां डबा घेऊन तिथं आली. तिच्यासोबत मनकर्णाबाई आणि वेचणीच्या इतर बाया होत्या. सकाळी गेलेल्या त्या दुपारीच परतल्या होत्या, कारण त्या शेतात वेचण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

"चाचा, राग नोका मानू," ज्ञानेश्वर म्हणाला. "पन या बारीले मानसं नाई बसवली काय तुमी?"

रहेमतुल्ला खाली बघत राहिला. रस्त्यापलीकडे जानराव किटली धरून उभा होता. खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि पाठदुखीचं निमित्त जिभेवर तयार होतं.

"नाई बसवली," तो म्हणाला. "लटकत्या गाडीले कसले बोल्ट. माह्या बोटाइले काई समजत नाई आता, ज्ञानेसर. तू दुसरा मिस्त्री पाह्य. मी दुकान बंद करून राह्यलो."

ज्ञानेश्वरच्या आधी नूरजहांच बोलली. डबा तिनं बाकड्यावर आपटलाच.

"बुशाचं सांगता लोकाइले, अन् सोताचं काय?" ती म्हणाली. "वजन येऊ द्या, मंग कसा, म्हनता ना? तुमी तं एकलेच लटकून कसून घेतलं. वजन घ्यायले आमी मेलो होतो काय?"

इतक्या वर्षांच्या संसारात ती चारचौघांत त्याच्यावर अशी कधी बोलली नव्हती. रहेमतुल्लाचे डोळे भरले. ते पुसायला त्यानं हात वर नेला आणि ग्रीसचा पट्टा गालभर ओढला गेला. मनकर्णाबाईला हसू आवरेना. तिच्या हसण्यानं सगळ्यांच्याच छातीवरचं ओझं उतरलं.

पुढचं कसं घडलं ते रहेमतुल्लालाही नीट सांगता येत नाही. ज्ञानेश्वरनं गाडी खड्ड्यावर घेतली. टॉर्च मारून बघितलं तर रबर मुरगळलं होतं, पण अजून फाटलेलं नव्हतं. बोल्ट सैल करून नीट बसवले तर बुश वाचणार होते. जानराव टपरीवरून माणसं बोलवायला वळला, पण ती मगाशीच पांगली होती. तेव्हा मनकर्णाबाईनं पदर खोचला आणि आम्ही कशाला आहोत असं म्हणत पुढचं दार उघडलं. त्या खड्ड्यावरच्या गाडीत आजवर पुरुषच बसत आले होते. बाया डबे-टोपल्यांसकट आत शिरल्या. सीटवरून भांडण झालं, ते रीतीप्रमाणं झालंच.

आणि नूरजहां खड्ड्यात उतरली. रहेमतुल्ला तिला अडवणार होता, पण तिनं पाना हातात घेतला तो मागं दिलाच नाही. तो काठावर उकिडवा बसला आणि एकेक गोष्ट सांगत गेला. आधी सगळे बोल्ट सैल कर. वरच्या बायांना जागच्या जागी हलायला लाव, म्हणजे रबर आपली जागा शोधून घेईल. मग आवळ. घाई नको, झटका नको. बाया हलल्या, गाडी खालीवर झाली आणि कोंडलेलं काहीतरी मोकळं व्हावं तशी पुढून किंचित खाली बसली.

"आता कस," तो म्हणाला. "बोटाइनं पाह्य. काय वाटते?"

"सरकून राह्यलं अजून."

"कस."

"आता जड झालं." ती थांबली. बोंड दाबताना थांबायची तशीच थांबली. "आता पाना वापस ढकलून राह्यला मले. पोकय नाई वाटत, भरल्या बोंडावानी वाटते."

रहेमतुल्लाला हसावं की रडावं कळेना. उभ्या आयुष्यात नट बसल्याची खूण त्याला कोणाला सांगता आली नव्हती. हाताखाली शिकून गेलेल्या पोरांनी विचारलं, तरी तो आपलं 'अंदाजानं कसा' एवढंच म्हणायचा. तिनं ती एका वाक्यात सांगितली होती, आणि ती अगदी बरोबर होती.

"बस," तो म्हणाला. "तठीच सोड. दुसरा घे."

चाचणीला ज्ञानेश्वर स्वतः चालवायला बसला. रहेमतुल्ला त्याच्या शेजारी, मागं नूरजहां आणि बाया. संग्रामपूरच्या वाटेवर एक आडवं वळण आहे, तिथं रस्ता एका अंगानं खचलाय. ही सुमो आधी तिथं हटकून शेताकडे ओढायची. ज्ञानेश्वरनं वळण घेतलं. गाडी रस्ता धरून राहिली. खड्डा आला तो हाताला कळला, पण कोणाच्या कमरेत गेला नाही. ज्ञानेश्वरनं थोडं पुढं जाऊन गाडी फिरवली आणि तेच वळण पुन्हा घेतलं.

"चाची," तो आरशात बघत म्हणाला, "माहे मागचे बुश बी बाकी हायेत. उद्या आनू काय?"

"याइले इचार," नूरजहां म्हणाली. "मालक हे हायेत."

रहेमतुल्लानं खिडकीबाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना मोडून काढलेल्या पऱ्हाटीची रानं होती आणि एका वावरात कोणीतरी हरभऱ्याला पाणी देत होतं. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच कडकडून भूक लागली होती.

"उद्या सकायी आन," तो म्हणाला. "अन् येतानी मानसं घेऊन येजो. टपरीवाल्याइचा भरोसा नाई."

परत आल्यावर त्यानं शटर पार वरपर्यंत ढकललं. जानरावानं दोन ग्लास चहा आणून ठेवला, काठोकाठ आणि उकळता. नूरजहांनं तो धरायला हात पुढं केला, पण बोटांना ग्रीस होतं आणि काच पोळत होती. ती हात मागं घेऊन हौदाकडे गेली नि राखेनं बोटं घासत बसली. रहेमतुल्लानं दोन्ही ग्लास उचलले. त्याला चटका लागत नव्हता. ती हात धुऊन येईपर्यंत तो रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हातांत दोन ग्लास धरून, दारात उभा राहिला.