सतरा पायऱ्या

"आई, दम लागला तर तिथंच बस हं," मागून मुलगा म्हणाला.

"बसायला चढतेय का मी?" सातव्या पायरीवरून ती म्हणाली आणि कठडा धरून तिनं आठवीवर पाय ठेवला.

पस्तीस वर्षं ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. कुणाला न आवरणारं पोर तिच्या छातीशी टेकलं की गपगार झोपायचं. सगळे तिला गादीसिस्टर म्हणत. तीही हसायची. पण निवृत्तीनंतर गुडघे गेले, साखर वाढली, वजन एकशे बत्तीसवर पोचलं आणि घरातलाच जिना तिला परका झाला.

वर नवऱ्याची सुतारकामाची खोली. दिवसभर रंधा चालायचा. मधूनच तो जिन्याच्या टोकाशी येऊन ओरडायचा, "अगं, आहेस ना?"

"चहा हवाय असं सरळ सांगा की!"

नऊ वर्षं त्यांचा अर्धा संसार असा जिन्यातूनच झाला. मग तो गेला. खोलीला कुलूप लागलं.

अडुसष्टाव्या वर्षी तिनं पोट लहान करायच्या ऑपरेशनचं काढलं, तेव्हा मुलगा चिडला. "या वयात कशाला जिवाशी खेळ?"

डॉक्टरांनीही धोके सांगितले. मग विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"सतरा पायऱ्या," ती म्हणाली.

दीड वर्षात साठ किलो उतरले. इन्सुलिन सुटलं. गुडघे मात्र अजून कुरकुरत, केस विरळ झाले, चार घासांत पोट भरे. एकदा नात मांडीवर बसून म्हणाली, "आजी, तू टोचतेस." तेव्हा तिला आपल्या जुन्या देहाची आठवण आली, दूर गेलेल्या मैत्रिणीची यावी तशी.

सतरावी पायरी. मुलानं पुढं होऊन कुलूप काढलं. आत भुशाचा, सरसाचा तोच वास. खिडकीपाशी चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. मुलानं चादर ओढली.

खुर्ची होती. चांगली ऐसपैस, जाड पायांची, बैठकीखाली दुहेरी पट्ट्या ठोकलेली.

"एवढी मोठी कुणासाठी? बाबा कधी बोलले नाहीत."

खुर्चीच्या हातांवरून तिनं बोटं फिरवली. कुठंही खडबडीत लागलं नाही. मग ती सावकाश बसली, जरा एका कडेला सरकून.

शेजारी बरीच जागा उरली.