नाक्यावरून गेलेलं इमान

"सायब, इमान उतरलं माझ्या रानात!" द्वारकाबाई धापा टाकत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आली.

नाकेदार मुकुंदराव चहा पीत होते. कुणाचं इमान कुठं उतरलं, हे त्यांना आधी कळेना. मग ते बाहेर आले, आणि ज्वारी काढलेल्या रानात पंख पसरून उभं असलेलं विमान त्यांना दिसलं.

नाका निजामाच्या राज्याच्या ऐन कडेला होता. रस्त्यावर दोरीनं वर-खाली होणारी लाकडी दांडी. पलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड. तिकडून येणाऱ्या मालावर मुकुंदराव जकात घेत, आणि घेताना लुगड्याची घडी न् घडी उलगडून पाहत. त्यामुळं द्वारकाबाईच्या लेकीच्या लग्नाची भांडी आणि कापडं सकाळपासून पलीकडच्या बाभळीखाली गाडीतच पडून होती. तिचा दीर कडूबा गाडीवर बसून नाकेदार झोपण्याची वाट बघत होता. मुकुंदराव मात्र दुपारी झोपणाऱ्यांतले नव्हते.

विमानातून उतरली एक तरुण बाई. डोक्यावर चामड्याची टोपी, हात तेलानं काळे. नीला तिचं नाव. मुंबईहून नागपूरला एकटीच निघाली होती, वाटेत इंजिन अडखळलं.

"परवाना?" मुकुंदरावांनी विचारलं.

नीलानं वैमानिकाचा परवाना दाखवला.

"हा उडायचा झाला. हुजुरांच्या मुलुखात शिरायचा कुठाय? शिरायचं तर नाक्यावरून, बाहेर पडायचं तरी नाक्यावरून. कायदा आहे."

"अहो, मी रस्त्यानं आलेच नाही!"

"तोच तर गुन्हा आहे, बाईसाहेब."

त्यांनी विमानाची झडती घेतली. नकाशा उलटा धरून वाचला. पावडरचा डबा उघडून हुंगला आणि सलग शिंकत सुटले. पण विमान कशात धरायचं, हेच त्यांना ठरवता येईना. मोटार म्हणावी तर पंख, जनावर म्हणावं तर चारा खात नाही. वरून हुकूम येईपर्यंत ते जागचं हलवायचं नाही, असं बजावून ते विचार करायला नाक्यावर परतले.

नीला कपाळाला हात लावून चाकाशी बसली. पेट्रोलच्या नळीतला कचरा तिनं केसातल्या आकड्यानं केव्हाच काढला होता. इंजिन ठीक होतं. द्वारकाबाईनं तिच्यापुढं भाकरी-ठेचा ठेवला.

"किती दिवस ठेवतील मला, मावशी?"

"मागल्या साली एक म्हैस ठेवली व्हती. इथंच व्याली ती." द्वारकाबाई जरा जवळ सरकली. "पोरी, तुला त्या नाक्यावरून खालून-खालून जाता येतं का? मोठा आवाज करून?"

"येतं. का?"

द्वारकाबाईनं बाभळीकडं बोट केलं आणि सगळं सांगून टाकलं. नीलाला पावडरचा डबा आठवला. "दोन घिरट्या घालते," ती म्हणाली.

द्वारकाबाई नाक्यावर गेली. "सायब, एक सुचून राह्यलंय. तुम्ही दांडी उचला, अन् बाई इमान दांडीवरून नेईल. मंग नाक्यावरूनच गेली ना?"

मुकुंदरावांचा चेहरा उजळला. "बिलकुल! बराबर!"

द्वारकाबाईची जाऊ तुळजाबाई तोवर घागर घेऊन ओढ्याच्या वाटेनं पलीकडं गेली होती, दांडी उठताच गाडी हाक म्हणून कडूबाला सांगायला.

मुकुंदरावांनी कोट चढवला, फेटा बांधला आणि स्वतः दोरी ओढून दांडी उभी केली. विमान घरघरत उठलं नि थेट नाक्यावर आलं. त्यांनी एका हातानं दोरी धरून दुसऱ्यानं सलाम ठोकला. दुसऱ्या घिरटीला विमान इतकं खाली आलं की फेटा उडाला. तरी त्यांनी मान खाली घातली नाही.

खाली भलतंच झालं. त्या आवाजानं कडूबाचे बैल उधळले. शेपट्या वर करून ते गाडीसकट दांडीखालून असे सुटले की कडूबा कासऱ्याला लोंबकळत राहिला. भांडी खणाणत होती, पण त्या घरघरीत कुणाला काय ऐकू येणार!

विमान वऱ्हाडात दिसेनासं झालं. मुकुंदरावांनी दांडी टाकली, फेटा उचलला, तर पुढ्यात धुळीत नवाकोरा पितळी तांब्या.

"हा कुणाचा?"

द्वारकाबाई लगबगीनं पुढं झाली. "तुमच्यासाठीच आणल्ता, सायब. पाणी. उन्हात उभे व्हते ना तुम्ही."

त्यांनी तांब्या उलटा केला. कोरडा ठणठणीत.

"सांडलं जणू," ती म्हणाली.

मुकुंदराव तिच्याकडं पाहत राहिले, मग रस्त्यावरच्या ताज्या चाकोरीकडं. दांडी त्यांनीच उचलली होती. तक्रार करायची तर कुणावर?

"उन्हानं आटलं असेल," ते म्हणाले आणि तांब्या तिच्या हाती दिला.

लग्नाला ते आले. कायद्यानं विमान कसं रवाना केलं, हे वरपक्षाला रंगवून सांगत बसले. द्वारकाबाईनं त्यांच्या पानात चारदा बुंदी वाढली, आणि एका शब्दानंही त्यांना अडवलं नाही.