आत्याची ओटी

"आत्या, ऑपरेशनची तुला भीती नाही का गं वाटत?"

निशिगंधाने हे भर फराळात विचारलं. आधी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. नाझिया म्हणाली होती, स्टेजवर भाषणं करून ढाल जिंकतेस, घरात तोंड उघडून दाखव. तिने उघडलं, आणि कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत चकली मोडल्याचा आवाजही थांबला.

भाऊबीज होती. साताऱ्याकडचं सगळं गणगोत आलं होतं. तिचे पप्पा, कृष्णात, यांची उमर वाशीच्या मार्केटात गोणी वाहण्यात गेली. आता दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांची थोरली बहीण सत्यभामा, म्हणजे आत्या, आपली एक किडनी देणार होती. खांदेश्वरला एकटी राहणारी, नवरा जाऊन जमाना झालेली, मूलबाळ नसलेली आत्या.

"भ्या कसलं?" आत्या हसली. "किस्नाला कडेवर वाढवलाय मी."

सगळ्यांनी श्वास सोडला. काकी म्हणाली, आक्का म्हंजे आमची देवीच हाय. पण आत्याच्या हातातला लाडू तसाच राहिला होता, आणि ते निशिगंधाने बघितलं. रोज देवासमोर ती पप्पांना वाचव म्हणायची. आत्याला काही झालं तर? हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ओवाळणं झालं. पप्पांना वाकवत नव्हतं, तरी त्यांनी आत्याच्या पायांवर डोकं टेकलं. मग मम्मीने सूप आणलं. इतकी वर्षं घरात ओट्या भरायला घेतल्या की आत्या आपणहून दाराकडे सरकायची. विधवेची ओटी कोण भरणार? आज काकीने हाताला धरून तिला पाटावर बसवलं. तांदूळ, नारळ, साडी. मग दुसरीची साडी, तिसरीची. मांडीवर ढीग झाला.

निशिगंधाने टाळ्या वाजवायला हव्या होत्या. विधवेची ओटी न भरण्याच्या प्रथेविरुद्धच तर तिने शाळेत तावातावाने भाषण ठोकलं होतं. पण आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पदराचं टोक तिच्या हातातून सुटलं आणि तांदूळ घरंगळून फरशीवर पसरले. बायका म्हणाल्या, गहिवरून आलंय तिला.

गहिवर नव्हता तो. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली, तशी निशिगंधाही पाठोपाठ गेली. आत्या ओट्याची कड घट्ट धरून, पाठ फिरवून उभी होती.

"वाटतंय," ती मागे न बघता म्हणाली. "लई भ्या वाटतंय, पोरी. नवरा गेल्यापासनं माझी ओटी कुणी भरली नाही, अन् आज सगळ्या भरायला लागल्या. मरायला निघालेल्या माणसाचंच असं कौतुक करत्यात."

निशिगंधा जवळ सरकली. "मग नाही म्हण ना, आत्या."

"नाही कसं म्हणू? किस्नाला द्यायचीच हाय मला. पण भिऊ तरी द्या की. देवी करून बसवली. आता देवीनं रडायचं कुठं?"

निशिगंधाने तिला मागून मिठी मारली. आत्याचं काळीज पाखरासारखं फडफडत होतं, आणि तेवढ्याच जोरात तिचं स्वतःचंही. शुद्धीवर येशील तेव्हा जवळ कोण असेल, असं तिने हळूच विचारलं. असतील की सगळी, आत्या म्हणाली, किस्नाच्या खोलीबाहेर. त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

बाहेर काकांनी बेत मांडला होता. पप्पांपाशी दिवसा कोण, रात्री कोण, डबा कुणाचा, औषधं कोण आणणार. निशिगंधा दारात उभी राहून ऐकत राहिली. आत्याचं नाव येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही.

पप्पा गादीवर टेकून बसले होते. सुजलेले डोळे, रोडावलेले हात. त्यांच्यापासून क्षणभरही हलू नये असं तिला वाटत होतं, आणि तरी ती मधोमध जाऊन उभी राहिली. मम्मीने खुणेनेच गप्प बसायला सांगितलं.

"मम्मी, पप्पा, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज फाटला, पण थांबली नाही. "पप्पांपाशी तुम्ही सगळे आहात. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे नसेन. मी आत्यापाशी बसणार. हाकललं तर तिच्या दाराबाहेर बसेन, पण ती डोळे उघडेल तेव्हा तिला रडायला कुणीतरी जवळ पाहिजे."