मुळीला सगळं कळतं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर मुळीवाले महाराज उभे होते आणि समोरच्या खुर्चीत एक दारुडा बसवला होता. त्याला म्हणे सकाळीच मुळीची पूड दिली होती. महाराजांनी त्याच्या हातात भरलेला पेला ठेवला.

"घे बाळ, पी मनसोक्त. तुला कोण अडवतंय?"

माणूस गटागटा प्याला. महाराजांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती धपापू लागली आणि तो पुढ्यातल्या बादलीत भडाभडा ओकला. बादली तिथे आधीपासूनच ठेवलेली होती, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"पाहिलंत? मुळीला सगळं कळतं. दुधाला ती हात लावत नाही, पाण्याला लावत नाही, पापाचा घोट तेवढा बरोबर धरते. बायांनो, नवऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला. चहात गुपचूप टाकायची. आणि गुण नाही आला, तर खोट मुळीत नाही, तुमच्या श्रद्धेत."

म्हणजे गुण आला काय, न आला काय, महाराजांचंच खरं.

मागच्या रांगेतल्या एका बाईला नणंदेने कोपराने ढोसलं. "वहिनी, घे की पुडी. दादा हातचा जाईल."

तिने घेतली. आशा वाटावी इतकंही तिच्यात काही उरलं नव्हतं. ती लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. बोटांना इतके घट्टे पडले होते की चटका बसलेला कळत नसे. नवऱ्याच्या शपथा ऐकून आणि ओकाऱ्या पुसून मनाचंही तसंच झालं होतं.

नवरा लाकडी फर्निचरला पॉलिश करायचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने दिवसभर घासायची, तीही उघड्या हातांनी. लाकूड बोटांना कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

चहात पूड पडू लागली आणि त्याच आठवड्यात तो गुत्त्यात आडवा झाला. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. त्यानंतर त्याने बाटलीला हात लावला नाही. नणंदेने गल्लीभर डंका पिटला. बायका घरी येऊन तिला पाहून जाऊ लागल्या. ती त्यांना बसायला सांगायची आणि कपड्यांच्या घड्या करत राहायची.

मग एका दुपारी तो कारखान्यातून लवकर परतला. चेहरा लाल होता, छाती धपापत होती.

"मी प्यायलेलो नाही," तो म्हणाला.

"हं."

अंगाला स्पिरिटचा भपकारा येत होता. आणि हे वाक्य तिने आजवर इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला काही अर्थच उरला नव्हता. ती महाराजांकडे गेली.

"माणूस खोटं बोलतो, मुळी बोलत नाही," महाराज म्हणाले. "मात्रा दुप्पट कर."

तिने केली.

नवऱ्याचं पुढचं काम एका गिऱ्हाइकाच्या घरी होतं, भिंतभर कपाटाचं. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून त्याने नेहमीसारख्या खिडक्या लावून घेतल्या. सोबतच्या सुताराने दार उघडलं तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता.

दवाखान्यात नणंद म्हणाली, "ढोसली असणार, दुसरं काय."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग हातांचा. "तोंडाला दारूचा वास नाही. हातांना स्पिरिटचा आहे. औषध कुठलं चालू आहे?"

"कुठलंच नाही," तो कसाबसा म्हणाला.

बाईंनी बायकोकडे पाहिलं. तिने पर्समधून पुडी काढून टेबलावर ठेवली.

पूड तपासायला गेली. निकाल आला तेव्हा बाईंनी दोघींना समोर बसवलं. "मुळी नावालाच आहे. दारू सोडवायची गोळी कुटून घातलीये. आम्हीही देतो ती."

"मग महाराजांचं चुकलं काय? औषधच दिलं की," नणंद म्हणाली.

"दारू शरीरात मोडताना मधे एक विष तयार होतं. एरवी यकृत ते लगेच निपटून काढतं. ही गोळी त्याला ते करू देत नाही. मग विष साचतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी होते. हृदय कमजोर असेल तर माणूस जातो. म्हणून आम्ही आधी तपासतो, त्याला सांगतो, तो हो म्हणाला तरच देतो. आणि बजावतो, स्पिरिटपासून, खोकल्याच्या औषधापासूनसुद्धा लांब राहा. दोन्हीत दारूच असते, आणि स्पिरिटची वाफ श्वासातूनही अंगात जाते. तुमच्या दादाला हे कुणी सांगितलं होतं?"

बाईंनी तपासणीचा कागद नणंदेपुढे सरकवला.

"मुळीला पाप कळतं म्हणे. हा माणूस मुकाट्याने काम करत होता. तिला काय कळलं?"

ती नवऱ्याच्या खाटेपाशी गेली आणि सगळं सांगितलं.

"चहात?"

"चहात."

तो आपल्या हातांकडे पाहू लागला. "मला वाटलं, मी सोडली."

तिला रडायला यायला हवं होतं. आलं नाही. "त्या दुपारी तुम्ही खरं बोलत होता," एवढंच ती म्हणाली.

महाराजांच्या पुढच्या सभेत ती डॉक्टरीणबाईंना घेऊन गेली आणि भर गर्दीत उभी राहिली. "महाराज, पुडीत काय असतं?"

"श्रद्धा असते, माई."

"ती तपासायला दिली होती. गोळी निघाली."

कुणीतरी हसलं. महाराजांनी डोळे मिटले, पण या वेळी काही झालं नाही. ती बायकांकडे वळली आणि इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब सांगावा तशा सपाट आवाजात बोलली. "दारू हा आजार आहे. त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत. आपल्या माणसाला सांगून, त्याला सोबत घेऊन तिकडे जा. जे सांगितल्याने गुण जातो, ते त्याच्या पोटात घालू नका. मी घातलं. तो मरता मरता वाचला."

त्या दिवशी पुड्या कमी खपल्या. अगदीच खपल्या नाहीत असं मात्र नाही.

आता त्याला दवाखान्यातून दुसरं औषध मिळतं, स्पिरिटशी न भांडणारं. ते तो आपल्या हाताने घेतो. काम करताना खिडक्या उघड्या ठेवतो. चहाही स्वतःच करून घेतो. तिने केलेला चहा तो अजून पीत नाही, आणि ती आग्रह करत नाही.