ऐकू येत नाही

शेजारच्या उघड्या दाराबाहेर मुकर्रमखालांनी चपला काढल्या, ओढणी कपाळापर्यंत ओढली, कमरेला रुमाल आवळला आणि आत पाऊल टाकताटाकताच गळा मोकळा सोडला.

“बाई गं, माझे बहिणी, न सांगता गेलीस गं…”

सताड उघडं दार, बाहेर बुटांचा ढीग, आत पुरुषांचं दबक्या आवाजातलं बोलणं. ताश्कंदच्या जुन्या शहरातल्या मोहल्ल्यात जन्म काढलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं होतं? मयताच्या घरात रडत शिरायचं असतं. मुक्यानं शिरतो तो परका.

पण आत गालिचा नव्हता, बायका नव्हत्या. रिकाम्या खोलीत एक दलाल हातात मोजपट्टी घेऊन थबकला होता. त्याच्या बाजूला एक तरुण जोडपं होतं. बाईच्या खांद्यावर तान्हं मूल झोपलेलं. खिडकीपाशी चाळिशीची एक बाई पाठमोरी उभी होती.

“आजी, मजला चुकलात की काय?” दलाल हसू दाबत म्हणाला. “घर विकायचंय हो. इथं कुणी मेलेलं नाही.”

“मेलंय,” खिडकीपाशची बाई वळून म्हणाली. “माझी आई. पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात.”

दलालानं मोजपट्टी गुंडाळायला घेतली आणि उगाच पुन्हा उलगडली. ती बाई पुढं आली, खालांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली आणि मग तिचे खांदे हलायला लागले. खाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ती पाठ घरच्याच कुणाची असावी तशी ओळखीची वाटत होती आणि त्यांना तिचं नावही ठाऊक नव्हतं.

तिचं नाव ओयदिन. घरात उरलेल्या एकुलत्या एका गादीवर तिनं खालांना बसवलं, थर्मास जवळ ओढला. मुलाच्या आईलाही तिनं बसायला सांगितलं. पुरुष स्वयंपाकघर बघायला गेले.

“तुम्ही पहिल्याच आलात, खाला. मयताचं सगळं भावाच्या घरून केलं. इस्पितळातून आईला परस्पर तिकडंच नेलं. इथलं कुणीच आलं नाही. मला वाटलं, आई इथं राहत होती हेच कुणाला माहीत नसेल.”

“असं कसं होईल,” खाला म्हणाल्या.

नजर मात्र त्यांनी चहाच्या पियाल्यात घातली. शेजारीण लिफ्टमध्ये भेटे, ‘सलाम’ म्हणे. एवढंच. गेले कित्येक आठवडे दिसली नव्हती, तेव्हा लेकाकडं गेली असेल म्हणून खालांनी विषय मिटवला होता.

मोहल्ल्यातलं घर त्यांनी स्वतःच्या मर्जीनं विकलं होतं. कोरियातल्या सोलहून मुलगा फोनवर म्हणे, “अम्मा, हलकी हो आता. किती सांभाळशील?” आणि खरंच त्या दमल्या होत्या. उजाडायच्या आत फाटकासमोर झाडून पाणी शिंपडा, छपरावरचं बर्फ ओढा, कुणाच्या लग्नाचा पुलाव असला की गाजरं चिरायला सगळी गल्ली आपल्याच अंगणात. कोण आलं, काय शिजलं, सून का रुसली, सगळ्यांना सगळं कळायला हवं. मोठी कढई, गाद्यांची चवड, लग्नाकार्याचे पियाले, सगळं वाटून टाकलं. या इमारतीतल्या दोन खोल्यांत आल्यावर पहिला महिना त्या पोरीसारख्या गाढ झोपल्या.

मग वसंतात त्यांनी गव्हाच्या कोंबांचं सुमलक केलं आणि वरच्या मजल्यावर वाडगाभर नेऊन दिलं. वाडगा संध्याकाळी लख्ख धुऊन परत आला. रिकामा. मोहल्ल्यात असा वाडगा परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. त्यानंतर खालांनी कुणाचं दार वाजवलं नाही. इथली रीतच वेगळी, इथं कुणी कुणाला बोलवत नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं.

“आईही जुन्या शहरातलीच,” ओयदिन सांगत होती. “आम्ही मात्र तिर्मिझला वाढलो, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. बाबा गेल्यावर हट्टानं इकडं आली. म्हणे, आपल्या माणसांत मरू दे.” ती कोरडं हसली. “एक गोष्ट मात्र मला कळत नाही, खाला. ती पडली स्वयंपाकघरात. कमरेचं हाड मोडलेलं. तशी सरपटत गेली ती बाथरूमकडं. दार जवळ होतं, दाराकडं गेली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, तेव्हा नळाच्या पाइपाला टेकून पडलेली. आणि हातात काय, तर स्वयंपाकाचा लोखंडी डाव. भाऊ म्हणतो, भ्रम झाला असेल.”

खालांनी पियाला रिकामा करून खाली ठेवला.

जुन्या शहरात गॅसचा पिवळा पाइप भिंतीभिंतीवरून या अंगणातून त्या अंगणात गेलेला असे. बायका त्यावर डाव आपटत. तीनदा आपटला की चहाला ये. न थांबता आपटत राहिला, की हातातलं टाकून धावत ये.

पहिल्या बर्फाच्या सुमारास एका संध्याकाळी इथला पाइप असाच वाजत होता. इमारत तापवायला पाइपांत नुकतंच गरम पाणी सोडलं होतं, दर थंडीला पाइप पहिले काही दिवस कुरकुरतात. खाला मालिका बघत होत्या. टकटक थांबेना, तेव्हा त्यांनी आवाज वाढवला. पुढं कधीतरी ती बंद झाली आणि त्यांना बरं वाटलं होतं.

“नाव काय होतं गं तिचं?” त्यांनी विचारलं.

“सोबिरा.”

खालांनी नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. तेवढ्यात पुरुष बाहेर आले. दलालाचा सूर पुन्हा लागला होता, पाइप नवे, भिंती जाड, शेजाऱ्यांचा त्रास नाही.

“तुम्ही सांगाल ते खरंच असेल हो, पण विकणाऱ्याला विचारून काय उपयोग?” मुलाची आई त्याला म्हणाली आणि खालांकडं वळली. “खाला, आमचं हे रात्रभर रडतं. आधीच्या घरी शेजारी भिंतीवर बुक्के मारायचे. त्याच्या तोंडात बोळा कोंबायचंच काय ते राहिलं होतं. तुम्ही पलीकडंच राहता ना? खरं सांगा, इथलं काही ऐकू येतं तिकडं?”

ओयदिननं थर्मास खाली ठेवला. तीही खालांकडं बघत होती, त्या मुलीहून जास्त टक लावून.

मूल झोपेतच चुळबुळलं. आईनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“नाही, पोरी,” खाला म्हणाल्या. “काही ऐकू येत नाही.”

“मूल रडलं तरी?”

“काही नाही.”

मुलीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. दलाल त्याला चटकन बाजूला घेऊन गेला.

ओयदिननं डोळे मिटून घेतले होते. “म्हणजे तिनं हाका मारल्या असत्या, तरी…” ती म्हणाली. “बरं झालं तुम्ही आलात, खाला. तेवढंच एक मला छळत होतं.”

मग तिनं खालांचा पियाला पुढं ओढला आणि त्यात चहा ओतला. जेमतेम तळ झाकेल एवढाच. ज्याला उठू द्यायचं नसतं, त्या पाहुण्याला ओततात तसा.

खालांनी तो दोन्ही हातांनी घेतला.