भिंतीकडचा

आमचे सासरे सुतार. त्यांनी बसवलेल्या दाराच्या फटीत कागदही सरकायचा नाही. हे काम ते पोरवयात सुधारगृहात शिकले. सायकल चोरली म्हणून तिथे पाठवलं होतं. "सुधारलो की नाही ठाऊक नाही, पण रंधा मारायला शिकलो," असं ते सांगतात.

तिथली एक रीत मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. संध्याकाळी दिवे लागले की पोरांनी आपापल्या खाटेशी उभं राहायचं. पहारेकरी खाटेचा आकडा पुकारायचा. पण आपली हजेरी आपण द्यायची नाही, शेजारच्या खाटेवरच्याने द्यायची. "आहे." शेजारी पळाला तर मार दोघांनाही. अशाने पोरं एकमेकांवर नजर ठेवतात, हे तिथल्या शहाण्यांचं डोकं.

सासऱ्यांचा शेजारी भिंतीकडच्या खाटेवरचा, किडकिडीत, झोपेत हसणारा. एकदा तापाने फणफणला, कामाला उठला नाही. ढोंग करतो म्हणत त्याला अंधारकोठडीत टाकलं. तो परत आला नाही. कोणी काही सांगितलं नाही, पोरं काय ते समजली. पण संध्याकाळी त्याचा आकडा पुकारला गेला. गप्प राहावं तर तो पळाला असं ठरणार, त्याच्या मागावर कुत्री सोडणार. सासरे म्हणाले, "आहे." पहारेकरी मान वर न करता पुढे गेला. मग रोज तेच. सासरे सुटले, हजेरी सुटली नाही.

घरीही तिन्हीसांजेला ते भिंतीकडे बघून म्हणतात, "आहे." सासूबाई सांगतात, "लग्नाच्या पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, माझ्याबद्दलच म्हणतायत. म्हटलं, आहेच की, जाते कुठे?"

गेल्या महिन्यात त्यांच्या घशातली गाठ काढली. डॉक्टरांनी बजावलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. टाका तुटला तर रक्त आवरणार नाही.

वॉर्डात लोखंडी खाटा ओळीने. सासऱ्यांची शेवटची, भिंतीला टेकलेली. दिवे लागले आणि पलीकडच्या टोकाकडून नर्स खाटेचा नंबर वाचत, ताप बघत निघाली. सासरे ताडकन उठून बसले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"बाबा, बोलायचं नाही," मी म्हटलं. "मी म्हणते ना. आहे."

त्यांनी जोरात मान हलवली. गळ्यावरच्या पट्टीवर लाल ठिपका उमटला.

"अगं, तू बसलीयस यांच्या शेजारी," सासूबाई म्हणाल्या. "तुझं 'आहे' यांना लागलं. त्याला नाही."

"मग त्याच्या शेजारी कोण?"

"इकडून हे. तिकडून भिंत."

नर्स जवळ येत चालली होती. सासऱ्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

"आई, धरा त्या बाजूने." आम्ही दोघींनी खाट भिंतीपासून ओढली. चाकं किंचाळली.

"अहो, काय चाललंय? खाट हलवायची नाही," नर्स म्हणाली.

"भिंतीला ओल आहे, सिस्टर," सासूबाईंनी ठोकून दिलं. "यांना सर्दी झाली तर यांच्या वाटचं तुम्ही शिंकणार का?"

मी स्टूल घेऊन भिंतीला पाठ लावून बसले. सासऱ्यांच्या आणि माझ्या मधे एका खाटेपुरती जागा राहिली. नर्सने सासऱ्यांचा नंबर वाचला, ताप पाहिला, निघून गेली. पुढे नंबर नव्हताच. सासरे मात्र कान देऊन थांबले. आणि मग, कोणी पुकारावं तसे, मधल्या जागेकडे बघू लागले.

"आहे," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढायची म्हणून सहज म्हणणार होते. पण म्हणताना मीही त्याच जागेकडे पाहिलं.

सासरे आडवे झाले. त्या जागेकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले.

"चल, चहा घेऊन येऊ," सासूबाई पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या.

माझ्या बाजूला, पायथ्याकडे, भिंतीला लागून औषधांचं बुटकं कपाट. बाहेर यायचं तर मधल्या जागेतूनच.

"तुम्ही या जाऊन. मी बसते जरा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या जागेकडे. जाताना त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, पण आत पाऊल न टाकता, कपाटावरून हात लांबवून.