जित्त्या बाईचं चित्र

मी मेलेल्या बायका रंगवते. मेडशीच्या बसथांब्यासमोर माझं दुकान आहे. बाई गेली की घरचे तिच्या आधार कार्डावरचा फोटो आणतात आणि सांगतात, जराशी गोरी कर, गळ्यात पोत टाक. जन्मभर उन्हात राबलेली बाई मेल्यावर गोरी होते. मीच करत आले. पोट भरायचं होतं, करत आले.

गावातल्याच प्रयागबाई दुकानात आल्या तेव्हा मी मोबाईलवर अडीचशे वर्षांपूर्वीचं एक विलायती चित्र पाहत होते. रेशमाची चमक मी असल्या चित्रांवरूनच शिकले. श्रीमंताघरची बाई, केसांना पांढरी पूड, निळा झगा, कमरेवर हात, मागं पसरलेलं शेत.

“कोन वं हे, राखी?”

“मोठ्या घरची होती, मावशी. चित्रकाराले बलावून त्याच्यासमोर बसे.”

“जित्ती?”

“जित्तीच.”

“अन् मांगं हे वावर?”

“नवऱ्याचं.”

“माहं तं माह्याच नावावर हाय. काढ मले अशीच. पूड नोको, केस आपोआपच पांढरे झाले.”

आठ दुपारी त्या कमरेवर हात ठेवून बसल्या. काळा रंग, सुरकुत्या, पडका दात, मागं त्यांची तूर. मी काहीच लपवलं नाही.

रंग वाळावा म्हणून चित्र दाराशी ठेवलं, तिथंच घोटाळा झाला. माझ्या दाराशी बाईचं चित्र म्हणजे बाई गेली, हे सगळ्या एसटीला माहीत. एसटीनं बातमी केनवडला पोचवली आणि दुपारपर्यंत तिथली रामीबाई, प्रयागबाईंची नणंद, रडत त्यांच्या अंगणात हजर. प्रयागबाई तूर पाखडत होत्या.

“रडनं झालं असन तं चहा ठेवतो,” त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा गणेश थेट माझ्या दुकानात आला.

“पुसून टाक थे. गाव हासून राह्यलं. जित्त्या मायचा फोटो भिंतीवर लावू का मी?”

“पुसत नाही.”

“मंग झाकून ठेव. टाइम आला की नेतो. तोंड तेवढं उजळ कर.”

“एवढी घाई हाय का रे तुले?”

दारात प्रयागबाई उभ्या होत्या, मागं रामीबाई.

“माय, तसं नाई...”

“गोरी केल्यावर मले ओयखशीन का तू? बाजूले हो.”

त्यांनी चौकट डोक्यावर घेतली आणि भर रस्त्यानं निघाल्या. पारावरचे बुढे पाहतच राहिले. मी हातोडी घेऊन मागोमाग.

घरी बैठकीत सगळे पुरुष फोटोत टांगलेले, सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत, हार घातलेले. त्यांच्या अगदी समोरची भिंत प्रयागबाईंनी निवडली.

“लोक काय म्हनतीन?” मागून आलेला गणेश म्हणाला.

“म्हनतीन, बसली हाय.”

माझ्याकडून हातोडी घेऊन त्या स्टुलावर चढल्या. त्यानं स्टूल धरलं नाही. रामीबाईनं धरलं. पहिला खिळा वाकडा गेला. प्रयागबाईंनी दुसरा मागितला.